कमान नको, ओटे द्या

अम्मी,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यामागे जन्मलेली माझी मुलगी आता मतदान करते. तिने तुला पाहिलं नाही. ती विचारते तेव्हा मी बांगड्यांपासून सुरुवात करते. बार्शीटाकळीच्या आसपासच्या आठवडी बाजारांत तू ताडपत्री अंथरून बसायचीस आणि बायकांना काचेच्या बांगड्या भरायचीस. हात हातात घेतलास की बाई बोलू लागायची. सासूचं, शेताचं, पोरांच्या शाळेचं. महिलांची राखीव जागा आली आणि पुढाऱ्यांना गप्प बसणारी उमेदवार हवी होती, तेव्हा त्यांनी तुला उभं केलं. तू निवडून आलीस ती त्यांच्यामुळे नाही, त्या हातांमुळे, असं मला आजही वाटतं. जिल्हा परिषदेची सदस्य झाल्यावरही बाजाराच्या दिवशी तू ताडपत्री अंथरलीच.

ती वर्षं वाईट होती. कापूस दगा देत होता आणि गावागावांतून कर्ती माणसं स्वतःच्या हातानं जात होती. पेपरात बातम्या यायच्या, पण तुला त्याआधी कळायचं, कारण ओळखीची मनगटं बाजारात दिसेनाशी व्हायची. ज्या बाईचा नवरा गेला ती बांगड्या भरायला कशाला येईल? मग तूच तिच्या घरी जायचीस. काही विकायला न नेता. दारात बसायचीस, चहा प्यायचीस, आणि एक दिवस विचारायचीस, "जिल्हा परिषद पैसा कुठं लावते हे तुले कोणी कधी विचारलं का?" ती म्हणायची, "मले कोण विचारते भाभी?" तू म्हणायचीस, "मी विचारून राहिली ना."

गावच्या सभेत पुरुषांनी वेशीवर कमान मागितली होती. सिमेंटची, वर कमळं कोरलेली. बायका भिंतीआड उभ्या होत्या. तू त्यांना पुढे बसवलंस आणि पुन्हा विचारलंस. मग मागून एकीनं सांगितलं, बाजारात बसायला ओटे पाहिजेत, वर पत्रे पाहिजेत, आणि बायामाणसाला जायला आडोसा पाहिजे. पुरुष हसले. तू हसली नाहीस. अंदाजपत्रकाच्या सभेत हीच मागणी मांडायची, असं तू ठरवून टाकलंस.

त्या सभेच्या दिवशीची सकाळ मला स्पष्ट आठवते. मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होते, जठारपेठेत ट्यूशनला जायचे, आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. सुट्टीला घरी आले होते. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस, सोबत न्यायच्या बायांसाठी, आणि मी ठेच्याच्या पुड्या बांधत होते. मी म्हणाले, त्या बायांना कशाला नेतेस, एवढ्या साहेबांपुढे घाबरतील, तूच बोल. तू तव्यावरची भाकरी उलटवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मैं कितने दिन बोलूँ उनके बदले? मैं मर गई तो फिर कौन बोलेगा?" मग भाकरी तव्यावरून उतरवत, "तू भी चल. देख."

सभागृहाच्या दारात शिपाई आडवा येतो. बैठक सदस्यांची आहे, म्हणतो. तू मागे उभ्या बायांकडे हात करून म्हणतेस, "भाऊ, पैसा कोणाचा हाय? यायचाच ना? मंग यायनं पायलं तं काय बिघडलं?" तो आत विचारून येतो. बोलायचं नाही, नुसतं मागे उभं राहायचं, या अटीवर आम्हाला आत सोडतात. पंखे गरगरत असतात. एकेका कामाला मंजुरी मिळत असते, कोणी काही वाचत नाही. तुझ्या गटाची पाळी येते, कमानीचं नाव पुकारलं जातं, आणि तू उठतेस.

"अध्यक्ष साहेब, माहं मराठी कच्चं हाय," तू ठसठशीत वऱ्हाडीत म्हणतेस. "मले नीट सांगता येत नाही. माह्या बदल्यात या बाईले बोलू द्या."

सगळं सभागृह हसतं. अध्यक्षही हसतात, आणि हसता हसता त्यांचा हात होकाराचा हलतो. तेवढं तुला पुरतं. भिंतीशी उभी असलेली, मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणारी बाई पुढे येते. तिचा नवरा आदल्या वर्षी गेलेला. ती पदर दोन्ही हातांनी धरून ठेवते आणि जमिनीकडे पाहत बोलते.

"साहेब, बाजाराच्या दिवशी मी सकायपासून पाणी पेत नाही. काहून, तं जायले जागा नाही. सावलीत व्यापारी बसते, आमी चिखलात. माहा माणूस होता तवा तो विकायचा, आता मलेच बसा लागते. तुमी कमान बांधसान. मी तिच्याखालून टोपलं घेऊनच जाईन ना? मंग ते टोपलं उतरवाले जागा द्या."

कोणी हसत नाही. मग एक जुने सदस्य खुर्चीत रेलून म्हणतात, "आणि या बाईसुद्धा त्याच बाजारात बांगड्या विकतात, बरं का. स्वतःच्या दुकानावर छप्पर घालून राहिल्या." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तू मात्र बसली नाहीस.

"लिहून घ्या," तू म्हणालीस. "त्या ओट्यावर मी बसनार नाही. माह्या घरचं कोनीच बसनार नाही."

कमान गेली, ओटे मंजूर झाले. गावात पुरुषांनी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि पुढच्या निवडणुकीत तू पडलीस. निकालाच्या दिवशी मी रडत होते आणि तू बाजाराची पेटी भरत होतीस. ओट्यांवर पत्रे चढले, मागे भिंतीचा आडोसा झाला, बायका वर बसू लागल्या, आणि तू समोरच्या मातीत. भर उन्हात त्या तुला हाका मारायच्या, "भाभी, वरते या ना, कोण पाहून राहिलं?" तू हात हलवायचीस आणि तिथेच बसायचीस. गुडघे गेले तरी. शेवटच्या बाजारापर्यंत.

मी आता अमरावतीला नियोजनाचं काम करते. लोकांना विचारून अंदाजपत्रक कसं करायचं, हे आम्ही शिकवतो. त्याला आता सरकारी शब्द आहेत, पुस्तिका आहेत. मागच्या महिन्यात वरूडकडच्या महिला सरपंच आल्या होत्या. दुपारी त्या पेंगू लागल्या तेव्हा मी पुस्तिका मिटली आणि 'एका सदस्या'ची गोष्ट म्हणून तुझी गोष्ट सांगितली. एकीनं विचारलं, "मॅडम, कोण होत्या त्या?" कचेरीच्या कार्यक्रमात घरचं सांगू नये, हे मला कळतं. तरी तोंडातून निघालंच, "माझी अम्मी."

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एवढं कबूल करते. त्या बायका टाळ्या वाजवू लागल्या. टाळ्या तुझ्यासाठी होत्या, हे मला ठाऊक होतं. पण मी मान खाली घातली नाही, अम्मी. थोडा वेळ त्या माझ्याच समजून ताठ उभी राहिले.