आधी फ्लॉसी, मग फादर

नंदाखाल, वसई
२४ मार्च २०२५

चि. पॉल यास,
अ. उ. आ. ही अक्षरं रीत म्हणून लिहिली आहेत, त्यात फार काही शोधू नकोस.

सात वर्षांनी तुला लिहितेय, तेही माझ्या मनाने नाही. उपवासकाळ म्हणून कुमसाराला, पापं कबूल करायला, गेले होते. आमचे नवे फादर लुईस माझ्या लेकापेक्षा, सॅमीपेक्षाही लहान आहेत. गुडघे टेकून मी सगळं क्रमवार सांगितलं, की आय आजारी असताना तू फादरांना बोलावलं नाहीस, ती शेवटच्या पापक्षमेशिवाय, पवित्र तेलाशिवाय गेली आणि तेव्हापासून मी माझ्या धाकट्या भावाचं तोंड पाहत नाही. तर ते विचारतात, बाई, यात तुमची पापं कुठली? मग म्हणाले, भावाला क्षमा करायची तयारी नसेल तर मलाही पापक्षमा देता येत नाही, आधी त्याला पत्र लिहा.

मला! चाळीस वर्षं मी दर रविवारी मुलांकडून धर्मशिक्षण पाठ करून घेतलं. मोठं पाप कुठलं, लहान कुठलं, हे सिस्टरांनी मला छडीच्या टोकावर शिकवलंय. काल मिस्सात सगळा बाक ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठला आणि पापक्षमा नाही म्हणून मी एकटी गुडघे मुडपून बसले. मागच्या बाकावरच्या बायकांची मान बगळ्यासारखी लांब झाली. ईस्टरलाही अशीच बसले तर गावाला पावसाळ्यापर्यंत विषय पुरेल.

आयचं तिकडे काय झालं असेल, या विचाराने मला अजून झोप लागत नाही. चर्च घरापासून पाच मिनिटांवर होतं, पॉल. पाच मिनिटं! मला यायला दोन दिवस लागले, ते शाळेच्या इन्स्पेक्शनमुळे. तुला कसलं इन्स्पेक्शन होतं?

पत्र लिहिलं. फादरांना तसं सांगेन. लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

फ्लॉसी


एव्हरशाईन सिटी
१ एप्रिल

ती. फ्लॉसीबाय हिला,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं. चूक माझीच आहे, मला माफ कर. गुडघ्यांना जप, लाकडी फळीवर फार वेळ टेकू नकोस. लोभ आहेच, तो वाढावा.

पॉल


नंदाखाल
५ एप्रिल

चि. पॉल,
आशीर्वाद.

एवढंच? लाइटबिलावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो! मी दोन पानं भरून जाब विचारला आणि तू माझ्या गुडघ्यांची चौकशी करतोस. फादरांना तुझं पत्र दाखवलं, तर ते म्हणाले, भावाने माफी मागितली, आता तुमचं काय अडलंय? अडलंय ते कारण. माणूस चूक केली म्हणतो, तर का केली हे सांगायला त्याची जीभ का झडते? लहानपणी आयची बरणी फोडलीस तेव्हाही असाच खाली मान घालून उभा होतास. कारण लिही. नाहीतर पुन्हा लिहू नकोस.

फ्लॉसी


एव्हरशाईन सिटी
१० एप्रिल

ती. नणंदबाईंना सेलिनचा
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न विचारता लिहितेय. तुमचं पत्र हातात घेऊन हे दोन दिवस गॅलरीत बसून आहेत. जेवणावर लक्ष नाही. आता माझ्याने बघवत नाही.

सॅमीच्या लग्नात आयनी लाल लुगडं नेसू नये, पाहुण्यांत बरं दिसत नाही, असं तुम्ही म्हणालात. त्या लग्नालाच आल्या नाहीत, आणि तुमच्या दारात पाय ठेवणार नाही असंही बोलून बसल्या. मग दहा महिने तुमचं बोलणं नव्हतं. आयच्या शेवटच्या आजारात, त्या गुरुवारी हे फादरांना आणायला चपला घालून निघाले, तर आयनी यांचा हात धरला. म्हणाल्या, आधी फ्लॉसी, मग फादर. लेकीला नको ते बोलले, ते पुसल्याशिवाय देवापुढे कुठल्या तोंडाने जाऊ? तेव्हाच यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, तिला बोलायचं असेल तर तिनेच फोन करावा. हे यांनी आयना कळू दिलं नाही. बाय येतेय, रिक्षा मिळत नाहीये, असं दोन दिवस सांगत राहिले. शनिवारी पहाटे आय गेल्या.

हे तुम्हाला कधी सांगायचं नाही, अशी यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, बायला हे ओझं झेपणार नाही, माझ्यावर राहू दे. मी शपथ मोडली. ते मी माझ्या कुमसारात सांगेन. लुगडं आमच्या कपाटात आहे, ते आयनी तुमच्यासाठीच ठेवलंय.

राग माझ्यावर काढा, यांच्यावरची माया आटू देऊ नका.

सेलिन


नंदाखाल
पवित्र आठवडा, मंगळवार

प्रिय पॉल,
आशीर्वाद मी कुठल्या तोंडाने देऊ?

सेलिनला रागावू नकोस. तिने सांगितलं नसतं तर मी अशीच तोऱ्यात मेले असते.

इन्स्पेक्शन बुधवारीच संपलं होतं. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, फादरांनाही नाही. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी घरात मोकळी बसून पेपर वाचत होते. अर्ध्या तासाचा रस्ता होता. वाटलं, म्हातारीला जरा कळू दे.

आपली पापं दुसऱ्या कोणीतरी निमूटपणे खांद्यावर घेतली, हे मी चाळीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं आणि चुकलं तर कानही पिरगाळले. तोच धडा सात वर्षं एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता, आणि मी त्याचं तोंड बघत नव्हते. तुझाही राग येतो, पॉल. का रे गप्प बसलास, गाढवा? पण आयसाठी आता मला भीती वाटत नाही. क्षमा मागायला ती थांबली. थांबले नाही ते मीच.

फादर लुईसना आज चर्चच्या दारात गाठलं. म्हटलं, या वेळी पापं माझी आहेत. ते लगेच आत चला म्हणाले. मी नाही गेले. म्हटलं, आमच्या घरची रीत वेगळी आहे. आधी पॉल, मग फादर.

हे पत्र टपालात टाकत नाही. एकदा उशीर केला तो पुरे झाला. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. पत्र वाचत असशील तेव्हा मी समोरच उभी असेन. आधी मला बसायला सांग, गुडघे दुखतात.

लोभ होताच, मलाच दिसला नाही. तो तसाच असू दे.

तुझी
फ्लॉसीबाय