दुसरा बॉयलर

३ नोव्हेंबर

चि. धाकटीस, दादाचे मनापासून आशीर्वाद, वि. वि.

ध्रुवाकडचा समुद्री बर्फ कसा कमी होत चाललाय, ही तुझी मुलाखत छापून आली. आमच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी ती कापून तळघराच्या दाराला चिकटवली आणि खाली लाल शाईने लिहिलं, की जग तापतंय, तेव्हा दुसरा बॉयलर काढून टाकावा. पहिल्याचा दम वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही आणि तिथे अकरा म्हातारी माणसं आहेत. बॉयलर भंगारात गेला, की त्याच्यामागोमाग त्यात कोळसा घालणारा मीही.

घोळ तू घातलास, निस्तर तूच. बर्फ गेला की इकडे थंडीची लाट येते, असं तूच मागे म्हणाली होतीस. तेवढं त्यांना ठासून लिही.

एक कबुली देतो. हल्ली मी प्रार्थनेत थंडी मागतो. मग वरची माणसं आठवतात आणि मागणी परत घेतो. देवही वैतागला असेल.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा दादा

११ नोव्हेंबर

ती. दादास, धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

व्यवस्थापकांना लिहिलं, पण ठासून नाही. बर्फ घटला की ध्रुवाभोवतीचे वारे ढिले पडत असावेत आणि तिकडची थंडी अधूनमधून तुमच्याकडे उतरत असावी. काहींना हे पटतं, काहींना नाही. आम्हा संशोधकांच्या खोलीतच दोन तट आहेत. एकंदर हिवाळे सौम्य होताहेत, हे मात्र खरं. म्हणून एवढंच कळवलं, की सरासरी पाहून बॉयलर काढू नका, माणसं गारठायला चार वाईट दिवसही पुरतात. रागावू नकोस. खोटं लिहिलं असतं, तर पहिला तूच रागावला असतास.

माया अशीच उबदार ठेव.

धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून व्यवस्थापकांनी मला विचारलं, की तुमच्या बहिणीला स्वतःचा पत्ता तरी नक्की माहीत आहे का. भंगारवाला बुधवारी यायचा होता. सोमवारी थंडी कोसळली, रस्ते गोठले, तो आलाच नाही. चार दिवस दोन्ही बॉयलर धडधडत ठेवले. अकराही जण सुखरूप आहेत. एक आजोबा तर फार उकडतं म्हणून भांडून गेले.

आता व्यवस्थापकांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की बॉयलरवाल्याच्या बहिणीने ही थंडी आधीच वर्तवली होती. मी त्यांना म्हटलं, की तिने असं काही वर्तवलं नव्हतं आणि एका लाटेने काहीच सिद्ध होत नाही. त्यावर, विज्ञानातलं मला काय कळतं, असं त्यांनी सुनावलं. संध्याकाळी पुन्हा गेलो, तर दार लावून घेतलं. देवाला स्मरून दोनदा खरं बोललो, धाकटे. तिसऱ्यांदा निघालोच होतो, पण दुसऱ्या बॉयलरमध्ये कोळसा घालायची वेळ झाली.

आठवण ठेव.

दादा