सत्तर किलो

ती. आई,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

धाकट्याने कळवलं, बाबांचा रक्तस्राव थांबला. आता तू त्या डॉक्टरला उठताबसता शिव्या देणं थांबव. चूक त्याची एकट्याची नाही.

बाबांना दिलं तेच रक्त पातळ करायचं पोटातलं इंजेक्शन इथे वॉर्डात मी रोज देते. त्याचा डोस वजनावर ठरतो. रुग्ण सांगेल ते वजन मी कधीच लिहीत नाही. उभं राहता येत नसेल तर खाटेसकट तोलते. कालच एका नव्या नर्सला यावरून फैलावर घेतलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

बाबांच्या पायात गुठळी झाली तेव्हा डॉक्टरने वजन विचारलं. ‘आमची लेक नर्स आहे, तिलाच विचारा,’ म्हणत तू फोन त्याच्या हातात दिलास आणि मी ठोकून दिलं, ‘सत्तर.’ सहा वर्षांपूर्वी माझी ट्रंक खांद्यावर घेऊन मला इथे सोडायला आले होते, ते बाबा सत्तरचे होते. धाकटा म्हणतो, आता त्रेपन्न भरले. जास्तीचं औषध त्यांच्या थकलेल्या मूत्रपिंडांतून लवकर बाहेर पडेना आणि रक्त थांबेना.

फोनवर ते नेहमी म्हणायचे, ‘मी आहे तस्साच आहे.’ मलाही तेच सोयीचं होतं.

शिव्या द्यायच्याच असतील तर मला दे. आणि यापुढे बाबांबद्दल काही विचारायचं असेल तर वजनकाट्याला विचारा. त्याने त्यांना निदान पाहिलंय.

तुझी,
थोरली