निळ्या बाणाशिवाय जेवणघर

रत्नागिरी, मंगळवार दुपार

सौ. इंदुमतीस,
आशीर्वाद आणि आठवण, दोन्ही.

मी बरा आहे. विसरण्याच्या तपासण्या संपत आल्या. या हॉस्पिटलात फोन समोर धरला, की पडद्यावर लादीवरून निळा बाण पुढे पळतो. त्याच्यामागून जेवणघर गाठायचं. पहिल्या दिवशी बाणावर पाय पडू नये म्हणून मी कडेकडेने चाललो. नर्स करुणा हसली, "गुरुजी, बाण फोनात हाय, लादीवर नाय!"

आज डॉक्टरांनी फोन काढून घेतला. एकट्याने जेवणघर गाठलं, तर घरी सोडणार. मी चौथीची कविता म्हणत निघालो, एका वळणाला एक कडवं. तिसरं कडवं आठवेना. तीस वर्षं शिकवलेलं गं! भिंतीला टेकून उभा राहिलो. फार दमायला होतं.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

शुक्रवारी पुन्हा चालायचंय. हे पत्र नातीच्या हाती देतोय. तिच्याच हाती तिसरं कडवं लिहून पाठव. तुलाही आठवत नसेल, तर तसं कळवू नकोस. तुझ्या मनाच्या चार ओळी लिही. तिसऱ्या वळणाला मी त्या म्हणत वळेन.

तुझाच,
मास्तर