पट्ट्यावरची जाळी

विजयमाला वैनी,

अनसिंगहून तुमच्या दिराचा, पुंजाजीचा नमस्कार.

चार वर्षांआधी सोयाबीन काढताना थ्रेशरच्या पट्ट्यात तुमचा पदर ओढला गेला, अन् उजवा हात कोपरापासून तोडा लागला. दवाखान्यात तुमी पोलिसाले सांगतलं, "माहाच पदर सैल होता." मी बाजूले उभा होतो. हो म्हणून मान हालवली. तेच धरून दादानं तुमाले बेपर्वा म्हटलं अन् शिरपूरले माहेरी धाडलं.

पट्ट्यावरची जाळी मी काढली होती, वैनी. काड गुतून राह्यलं होतं, आभाळ आलं होतं, मले घाई होती. काढताना तुमी मले पाह्यलं होतं. तरी काहून खोटं बोलल्या?

दोन वर्षं मी आरसा न पाह्यता दाढी केली. आता पाह्यतो. हा माणूस मीच, दुसरा कोठून आणू?

आता कोणाच्याही वावरात मशीन सुरू कराच्या आधी बायायले जाळी दाखवतो अन् सांगतो, माह्यापायी माह्या वैनीचा हात गेला. बाया पदर खोचतात, माह्याकडं पाह्यत नाहीत.

हे तिसरं पत्र. आधीच्या दोघायसारखं हेही टपालात नाही, घरच्या पेटीतच जाईन. सगळ्यायले सांगून झालं, वैनी. तुमालेच सांगाचं राह्यलं.

तुमचा दीर,
पुंजाजी