लाल माती पाहायला जाण्यापूर्वी

मी, प्रेमानंद देवराव नगराळे, वय वर्षे बहात्तर, टेनिस क्लबातील सेवानिवृत्त मार्कर, राहणार वाडी, अमरावती रोड, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. हर्षा टेंभुर्णे यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी इंदूबाई हिचे याबाबत मत वेगळे आहे, पण ते तिने लेखी दिलेले नाही.

१. हे मृत्युपत्र आत्ताच करण्याचे कारण असे की येत्या २२ मे रोजी मी फ्रेंच ओपन ही टेनिस स्पर्धा पाहण्यासाठी पॅरिसला जात आहे. विमानात पहिल्यांदा बसणार आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसवला आहे. मुलगा संघपाल याचा या प्रवासाला विरोध होता आणि एके दिवशी तो म्हणाला, "जायचंच असन तं आधी कागद करून ठेवा, बाबा." तो रागाने बोलला होता. मी सल्ला म्हणून घेतला.

२. वाडीचे घर मी १९९४ साली बांधले. ते माझ्या कमाईचे आहे. माझ्या पश्चात ते इंदूबाईचे राहील. वरच्या दोन खोल्या ट्रक ड्रायव्हरांना भाड्याने दिल्या आहेत, त्यांना ठेवायचे की काढायचे हे तिने एकटीने ठरवावे. तिच्यानंतर घर संघपाल आणि मुलगी भावना यांना सारखे मिळेल. भावना लग्न होऊन खाप्याला गेली, तेव्हा तिला कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्याने ते मनातच ठेवावे. बँकेत जे काही असेल ते इंदूबाईचे. त्याचा हिशेब मला कधी जमला नाही, तिला जमतो.

३. माझी गटिंग मशीन, म्हणजे रॅकेटला तारा बांधायचे यंत्र, आणि त्यासोबतचे चिमटे, सुया व पक्कड ही हत्यारे भावनाला द्यावीत. ती शाळेत खेळाची शिक्षिका आहे. नववीत असताना तिने पहिली रॅकेट बांधली, तेव्हा क्लबातले दोन मेंबर हसले होते. त्यातल्याच एकाने पुढच्या महिन्यात "मुलीकडूनच बांधून घे" असा निरोप धाडला. मशीनला दर सहा महिन्यांनी तेल द्यावे. कोर्टावरून ओढायचा लोखंडी रोलर माझ्या वडिलांनी, देवरावांनी, तीस वर्षे ओढला आणि नंतर मी ओढला, पण तो क्लबाचा आहे. मला तो कोणाला देता येत नाही.

४. मार्कर म्हणजे काय हे नातवंडांना कळावे म्हणून लिहितो. मार्कर हा क्लबाचा पगारी खेळाडू. मेंबरला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचे, त्याच्या पोरांना शिकवायचे आणि सकाळी सर्वांच्या आधी येऊन कोर्टावर पाणी मारायचे, झाडायचे, चुन्याच्या रेघा ओढायच्या. वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी अडीच वर्षांचा, आईच्या कडेवर होतो. कोणापुढे वाकायचे नाही हे वडिलांनी मला त्या दिवसापासून शिकवले. पण नोकरीत मेंबरचा चेंडू उचलायला वाकावेच लागे. त्या दोन्हींचा मेळ मी त्रेचाळीस वर्षे घातला.

५. आता मिळकतीत न बसणारी एक गोष्ट.

१९८६ साली क्लबाने खुली स्पर्धा भरवली. मी रीतसर नाव दिले. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि क्लबातल्या प्रत्येकाचा बॅकहँड मला पाठ होता. पहिल्या सामन्याच्या दिवशी इंदूबाई आठ वर्षांच्या संघपालला घेऊन खेळ पाहायला आली. बोर्डावर माझ्या नावावर रेघ मारलेली होती आणि खाली शेरा होता, 'नोकरवर्गास भाग घेता येणार नाही.' अक्षर कृष्णकांत हरकरे यांचे. ते धरमपेठेत राहतात आणि तेव्हा स्पर्धेचे सचिव होते. त्या वर्षीचा कप त्यांनीच जिंकला. अंतिम सामन्याचे कोर्ट मी तयार केले आणि नीट केले, कारण मातीने माझे काही बिघडवले नव्हते.

घरी जाताना संघपालने विचारले, "बाबा, तुमचं नाव काहून खोडलं?" मी उत्तर दिले नाही. तिथे मी चुकलो.

दुसऱ्या आठवड्यात हरकरे साहेब नेहमीप्रमाणे सकाळी सहाला आले आणि मी नेहमीप्रमाणे त्यांच्याशी खेळलो. पुढची अठ्ठावीस वर्षे, मी निवृत्त होईपर्यंत, आम्ही खेळत राहिलो. इंदूबाईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी न सांगता येऊन रक्त दिले. माणूस वाईट असता तर राग धरणे सोपे गेले असते. त्या रेघेविषयी मात्र आमच्यात एक शब्द निघाला नाही.

त्यांची पत्नी अरुंधतीबाई कोर्टाच्या कडेला बाकावर बसत. कोर्ट कसे बनते, खाली मुरूम किती, वर शेण आणि गेरू किती, हे मला विचारणारी ती एकच व्यक्ती. मी निवृत्त झाल्यावरही दर वर्षी फ्रेंच ओपन सुरू झाली की त्यांचा फोन येई, "प्रेमानंद, टीव्ही लावलास का?" मग मी सांगायचो की ही विटांच्या भुकटीची माती आहे, इथे चेंडू वर उसळतो, म्हणून तो पोरगा एवढा मागे उभा राहून खेळतो. त्या म्हणायच्या, एकदा जाऊन पाहायला हवे.

६. या वर्षी त्यांनी सामन्यांच्या तिकिटांसाठी खरोखरच नंबर लावला. दोन तिकिटे निघाली, त्यांचे आणि साहेबांचे. मार्चमध्ये, तिकिटे हातात आल्यावर पंधरा दिवसांत, अरुंधतीबाई हृदयविकाराने गेल्या.

तेरावे झाल्यावर हरकरे साहेब ऑटोने वाडीला आले. ट्रकांच्या गर्दीत घर विचारत विचारत आले. माझ्या घरी त्यांची ही पहिलीच खेप. त्यांनी एक वही पुढे ठेवली. अरुंधतीबाईंनी तीत सगळा प्रवास लिहून ठेवला होता, कुठे उतरायचे, कोणत्या मेट्रोने जायचे, स्वेटर किती घ्यायचे. एका पानावर होते, 'प्रेमानंदला विचारणे, कोर्टावर पाणी केव्हा मारत असतील? त्या वेळेला पोहोचणे.'

साहेब म्हणाले, "तिच्या तिकिटावरचं नाव बदलता येतं, असं मुग्धा म्हणते. तुम्ही याल का?" मुग्धा त्यांची नात. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा तुम्ही म्हटले.

मी म्हणालो, "येतो. पण आधी त्या रेघेचं बोला."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कमिटीत आम्ही पाच जण होतो. मी एक शब्द बोललो असतो तर तुमचं नाव राहिलं असतं. बोललो नाही, कारण तुम्ही खेळला असता तर कप मला मिळाला नसता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं."

इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "हे सांगाले इतके वर्षं लागले का?" साहेब म्हणाले, हो, लागली. मग तिने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्यानंतर आम्ही दर रविवारी धरमपेठेत बसलो. साहेबांना मोठ्या कोर्टावरचे सामने पाहायचे होते, मला लहान कोर्टांवरचे, कारण तिथे प्रेक्षक मातीच्या जवळ बसतात आणि दोन सेटांच्या मध्ये कामगार माती सारखी करायला जाळी ओढताना दिसतात. तिकडचा मार्कर रेघा कशाने झाडतो हे मला पाहायचे आहे. त्यावरून आमचे तीन रविवार भांडण झाले. शेवटी मुग्धाने दिवस वाटून दिले. इंदूबाईला मी म्हटले, तूही चल. ती म्हणाली, "मी आली तं तुमी दोघं बोलाल नाही. तुमीच जा." जवसाची चटणी आणि लाडू मात्र तिने इतके बांधले आहेत की सामानाचे वजन दोनदा करावे लागले.

७. संघपालचा विरोध माझ्या हृदयासाठी होता तसाच या सोबतीसाठीही होता. ज्याने नाव खोडले त्याच्यासोबत जाता, असे तो भावनाला म्हणाला. तरी व्हिसासाठी मला मुंबईला त्यानेच नेले.

तिथे काचेवर बोटांचे ठसे घेतात. माझे येईनात. तारा ओढून ओढून आणि चुन्यात हात घालून बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. समोरची मुलगी चांगली होती, पुसून पुन्हा ठेवा म्हणाली. चौथ्या वेळी संघपाल पुढे आला. त्याने माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट स्वतः काचेवर दाबून धरले. ठसे आले. बाहेर पडल्यावरही त्याने हात सोडला नव्हता. म्हणाला, "हे बोटं असे कधी झाले, बाबा? मी पाह्यलंच नाही."

परतीच्या गाडीत त्याने तो जुना प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी मी सगळे सांगितले, साहेब वाडीला येऊन काय बोलले तेही. वर्धा आले तरी त्याचा राग उतरला नव्हता.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. १९८६ सालचा राग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तिच्यावर कोणाचाही वारसाहक्क नाही. ती मी हयातीतच निकालात काढली आहे. संघपालने ती वाटून मागू नये.

८. मला तिकडे काही झाले तर तिथेच अग्नी द्यावा, शरीर आणण्याची यातायात करू नये. अस्थी आल्या तर त्या कन्हान नदीत, खाप्याजवळ सोडाव्यात. बुद्धवंदना भावनाने म्हणावी, तिचा आवाज चांगला आहे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भावनाने करावी. मसुदा वकीलबाई वेदिका सोनटक्के यांनी तपासला. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, उगाच वाद होतात, असे त्यांनी सांगितले. हरकरे साहेब साक्षीदार आहेत, त्यामुळे त्यांना यातून काहीही मिळणार नाही. त्यांना ते मान्य आहे.

१०. हे कलम सह्या होण्यापूर्वी, सर्वांसमक्ष, माझ्या हाताने वाढवले आहे. आज वकीलबाई मसुदा वाचून दाखवत असताना संघपाल न बोलावता आला आणि दारात उभा राहून त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढून तो हरकरे साहेबांसमोर गेला आणि म्हणाला, "काका, यांची बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी असते. हे विसरतात. तुमी आठवणीनं द्याल."

साहेबांनी पट्टी घेतली. मी हे लिहीत असताना ती त्यांच्या हातातच आहे आणि पेन टेबलावर पडून आहे. म्हणून खाली डॉक्टरीणबाईंची सही आधी घेत आहोत.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, मला समजले आणि ते माझ्या मनासारखे आहे.

लिहून ठेवणार: प्रेमानंद देवराव नगराळे (सही, आणि डाव्या अंगठ्याचा ठसा, जितका उमटला तितका)

साक्षीदार:
१) डॉ. हर्षा टेंभुर्णे, वाडी (सही)
२) कृष्णकांत वामन हरकरे, धरमपेठ (सही)

स्थळ: वाडी, नागपूर
दिनांक: ३ मे २०२६, रविवार