ट्रकमधल्या स्थळाची चौकशी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
७ ऑक्टोबर २००६

आदरणीय शशिकांतराव यांस,

गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली साष्टांग लेखीच घालतो.) तुमच्या टाचेचं दुखणं कसं आहे? विटेचा शेक चालू ठेवा. डॉक्टरांनी बंद करायला सांगितला असेल, तर त्यात त्यांचा काय फायदा आहे ते आधी बघा. इकडे मी, तुमची बहीण उत्तरा आणि आमची इशिता खुशाल आहोत. इशिता सांता क्लाराला नोकरीसाठी सकाळी सातला निघते, रात्री आठला परतते आणि काही विचारलं की "ट्रॅफिक, डॅड" एवढंच म्हणते. मी पत्र कागदावर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलावं तर वहिनी आतल्या खोलीतून दुसरा रिसीव्हर उचलतात, आणि तुमची ई-मेल यामिनीच उघडून तुम्हाला वाचून दाखवते. मजकूर तिच्याच लग्नाचा आहे.

यामिनीला सांगून आलेला यशोधन आमच्याच गावात राहतो, तर "जरा चौकशी करा, तुम्ही हो म्हणालात तर दिवाळीत साखरपुडा, नाही म्हणालात तर विषय बंद," असं तुम्ही कळवलंत. एका मुलीचं आयुष्य माझ्या एका शब्दावर आलं, तेव्हा मी कामाला लागलो. पहिला संशय बायोडेटा वाचतानाच आला. इथे आपला प्रत्येक मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, आणि हा म्हणे ट्रान्सपोर्टमध्ये. आपल्याकडे ट्रान्सपोर्टमध्ये म्हणजे एकतर ट्रकचा मालक, नाहीतर ड्रायव्हर. मालक असता तर फोटोत गळ्यात साखळी दिसली असती.

म्हणून त्याला चहाला बोलावलं. चारला ये म्हटलं, तर चारला आला. (मराठी मुलगा अमेरिकेत असला तरी इतका वेळेवर येत नाही. नोंद घ्यावी.) तो ज्या कंपनीत आहे ती म्हणे फ्रीवेवर ट्रकांना वेगळी लेन द्यावी का, याचा अभ्यास करते. शेजारच्या एका फ्रीवेवर जड ट्रकांना बंदी असल्यामुळे ते सगळे आमच्या आठशेऐंशी नंबरवर येतात, आणि कारवाले त्यांच्यामधून जीव मुठीत धरून जातात. हे समजावताना त्याने उत्तराने दिलेल्या चिवड्याच्या बशीतले शेंगदाणे एकेक करून कडेला लावले. "काका, हे ट्रक. आणि पोहे म्हणजे आपण. आता बघा, पोहे कसे मोकळे झाले." उत्तरा म्हणाली, "अरे, पण चिवडा मिसळलेलाच बरा लागतो." त्यावर तो, "खायला, काकू. चालवायला नाही." उत्तरा हसली. मी हसलो नाही. जो माणूस दुसऱ्याच्या घरी जाऊन बशीत वाटण्या करतो, तो स्वतःच्या घरी काय करील? आज ट्रकांना वेगळी लेन, उद्या आईबापांना वेगळी चूल. आणि सासरे त्याच्या हिशेबात पोहे की शेंगदाणे, हेही विचारून घ्यायला हवं. (तुमचं वजन पाहता मला काळजी वाटते.)

जाताना म्हणाला, "गुरुवारी सकाळी बंदराकडे ट्रक मोजायला जायचंय." ट्रक मोजायला! दोन पदव्या घेतलेला मुलगा रस्त्याच्या कडेला उभा राहून ट्रक मोजतो, यावर माझा विश्वास बसेना. तेव्हा गुरुवारी मी ऑफिसमधून रजा काढली (पोटदुखी, कुठल्याही देशात चालते), उत्तराला ऑफिसला जातो म्हणून सांगितलं आणि त्याच्या घरासमोरच्या पेट्रोल पंपावर गाडी लावून बसलो. इशिताला तेवढं फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "डॅड, दिस इज स्टॉकिंग." मी म्हटलं, पाळत नव्हे, याला चौकशी म्हणतात, आणि तुझ्या आजोबांनी माझीही केली होती. जवळ एक वही ठेवली होती. तीत वेळ घालून पानभर नोंदी केल्या. शेवटच्या तीन: ९.१० निळी गाडी निघाली. ९.१८ फ्रीवेवर. ९.३१ दोन ट्रकांच्या आड गेली, मुद्दाम असावी.

त्यानंतरच्या नोंदी नाहीत, कारण मीच ट्रकांच्या आड गेलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे ट्रक आणि उजवीकडे भिंत. बाहेर पडायच्या रस्त्यांच्या पाट्या कधी आल्या नि कधी गेल्या, ते पुढच्या ट्रकच्या पाठीमुळे दिसलंच नाही. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांमध्ये सापडलेला माणूस जसा नवऱ्यामुलीच्या दारापर्यंत जातो, तसा मी गेलो. ट्रक थांबले तेव्हा समोर बंदराचं फाटक होतं. रखवालदार खिडकीशी आला आणि त्याने कंटेनरचा नंबर विचारला. नाही म्हटलं. मग काय न्यायला आलात, असं त्याने विचारलं. खोटं बोलू नये, म्हणून मी खरं ते सांगितलं: माहिती.

शशिकांतराव, सध्याच्या दिवसांत या देशातल्या बंदराच्या फाटकात हे उत्तर देऊ नये. त्यांनी मला अत्यंत नम्रपणे (नम्रपणा मला नेहमीच संशयास्पद वाटतो) एका केबिनमध्ये बसवलं. मग त्यांना वही सापडली. पानभर वेळा, आणि पुढे त्यांना न वाचता येणारी लिपी. तीन माणसं त्या पानावर वाकून उभी होती. माझं पोट आता खरंच दुखू लागलं होतं. तेवढ्यात एकाला आठवलं, की फाटकाबाहेर एक भारतीय मुलगा ट्रक मोजतोय, त्याला वाचता येईल.

यशोधन आला. अंगात नारिंगी जाकीट, हातात मोजणीचं यंत्र. त्याने वही घेतली आणि स्वतःच्या पाळतीचं पान वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या लोकांना म्हणाला, "ही ट्रकांची मोजणी आहे. हे माझे काका. हौसेने मदत करतात, पण लेन चुकतात." ते हसले, त्यांनी वही परत दिली, मला पाणीही दिलं. नंतर आपलं काम टाकून यशोधन मला स्वतःच्या गाडीमागून घरी घेऊन आला. वाटेतल्या सिग्नलला गाड्या शेजारी आल्या, तेव्हा काच खाली करून म्हणाला, "काका, वेगळी लेन असती ना, तर तुम्ही इथवर आलाच नसता." अहवालात माझा दाखला घालणार म्हणे, नाव न लिहिता.

आता माझा निष्कर्ष. मुलगा ड्रायव्हर नाही, एवढं खरं. पण सरकारी माणसांसमोर क्षणाचाही विचार न करता तो इतक्या सफाईने खोटं बोलला, की मलाही आपण ट्रक मोजत होतो असं वाटू लागलं. शिवाय तो माझ्यावर रागावला नाही. पाळत ठेवणाऱ्यावर न रागावणारा माणूस काहीतरी दडवतो. माझ्या मते घाई नको. नकारच कळवावा.

वहिनींना नमस्कार, यामिनीला आशीर्वाद. टाच जपा. उत्तराला बंदराचं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नये.

आपला,
गुरुदत्त

ता. क. : नकार कळवणारच आहात, तर यशोधनची पत्रिका तुमच्याकडे पडून राहील. ती उलट टपाली इकडे पाठवावी. इशिताचंही यंदा पाहायचं आहे. मुलात तसा दोष काहीच नाही.

ता. क. (उत्तराचा) : दादा, पाकीट चिकटवायला मला दिलं, म्हणून वाचलं. पत्रिका पाठवू नकोस. इशिताला विचारलं तर ती हात जोडून "आई, प्लीज, नको" म्हणाली. तू होकार कळव, उद्याच कळव. गुरुवारी हे घामाघूम होऊन घरात शिरले आणि थेट न्हाणीघरात गेले. यशोधन दारात उभा होता. मी विचारलं, हे तुला कुठे भेटले, तर म्हणाला, "ऑफिसकडे जाताना, काकू. आज काकांची मला फार मदत झाली." तीस वर्षांत यांची लाज इतक्या प्रेमाने कुणी झाकलेली मी पाहिली नाही. यामिनीचंही कधीतरी काही चुकेलच ना.